जननांगांवरची नागीण : आजार, नाव आणि अबोला

मराठीत 'नागीण' म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो कमरेवर किंवा बरगडीच्या रेषेत एकाच बाजूने उठणारा, आग करणारा फोडांचा पट्टा, आणि त्यासोबत नागिणीची दोन टोके जुळली तर माणूस दगावतो ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भीती. टोके जुळून कोणी दगावत नाही. हा आजार कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यावर तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यावर पुन्हा वर येतो. त्याच विषाणुकुळातील एक भाऊबंद जननांगांवर, जांघेत आणि ढुंगणावर तसेच पुंजक्याने फोड उठवतो, तोही मज्जातंतूंच्या आश्रयाने राहतो आणि तो तर पुन्हा पुन्हा वर येतो. वैद्यकात त्याला जननांगांचा हर्पिस म्हणतात, आरोग्यविषयक मराठी लिखाणात 'जननेंद्रियांची नागीण' अशी जोड दिलेली आढळते. परंतु बोलीभाषेने त्याला वेगळे नाव दिलेले नाही, आणि या आढाव्यात पुढे जे येणार आहे त्यातील बऱ्याच गोष्टींचे मूळ या अनामिकपणात सापडते.

नावाचा हा प्रश्न वाटतो तितका वरवरचा नाही. 'हर्पिस' हा शब्द ज्या ग्रीक धातूपासून आला त्याचा अर्थ सरपटणे असा आहे, आणि तो ग्रीक धातू व संस्कृतातील 'सृप्' हे एकाच प्राचीन मुळाचे फुटवे आहेत. म्हणजे ग्रीक वैद्य, 'विसर्प' हा शब्द योजणारे आयुर्वेदाचे ग्रंथकार आणि 'नागीण' म्हणणारी मराठी माणसे या सर्वांनी कातडीवर पसरत जाणाऱ्या फोडांत एकच सरपटणारे जनावर पाहिले. असे असूनही कमरेवरच्या फोडांना जे नाव उघडपणे मिळाले, ते कमरेखालच्या फोडांना मिळाले नाही. तिथे मराठीपाशी 'गरमी' आहे, जी प्रामुख्याने उपदंशासाठी म्हणजे सिफिलिससाठी वापरली जाते. 'परमा' आहे, जो पूयमेहासाठी म्हणजे गनोरियासाठी आहे. आणि भिंतींवरच्या जाहिरातींनी घरोघर पोचवलेला 'गुप्तरोग' आहे, ज्यात या सगळ्यांची एकच मोट बांधलेली असते. नाव नसलेला आजार शेजारच्या आजाराच्या नावाखाली जातो. जननांगांवर फोड आलेल्या माणसाला कोणी गरमी झाली म्हटले तर त्याच्या चारित्र्याचा निवाडा त्याच क्षणी होतो, आणि कोणी नागीण म्हटले तर गेरूचा लेप लावून वाट पाहिली जाते. पहिल्या नावाने माणूस दवाखान्यात जायला घाबरतो आणि दुसऱ्याने त्याला जाण्याची गरजच वाटत नाही.

या विषयावर मराठीत लिहिण्याचा प्रयत्न फार पूर्वी झालेला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाबरोबरच गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हेही मराठी वाचकांना सांगितले, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले; १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांच्या काळी हर्पिसवर औषध नव्हते आणि वैद्यकाचे सारे लक्ष उपदंश व परम्याकडे होते, हे खरे. तरीही शरीराच्या या भागाविषयी सरळ शब्दांत बोलण्याची मराठीत केवढी किंमत मोजावी लागली, हे त्या खटल्यांवरून कळते.

आता आजाराकडे. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचे दोन प्रकार आहेत आणि त्यांच्यातील फरक १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाला. पहिला प्रकार मुख्यतः तोंडाचा. तो बहुतेकांना लहानपणीच घरातल्या माणसांच्या लाळेतून, पाप्यांतून मिळतो, आणि पुढे ताप उतरताना किंवा जागरणानंतर ओठाच्या कडेला फोडांचा झुबका उठवतो, ज्याला खेड्यापाड्यांत 'कोळी मुतला' असे म्हणून सोडून दिले जाते. दुसरा प्रकार मुख्यतः जननांगांचा आणि तो लैंगिक संबंधातून पसरतो. ही वाटणी काटेकोर नाही, कारण ओठांचा विषाणू मुखसंबंधातून जननांगांवर पोचू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८४.६ कोटी लोकांच्या जननांगांत या दोहोंपैकी एक तरी विषाणू आहे, म्हणजे त्या वयाच्या दर पाच माणसांत एकाहून थोडे अधिक. त्यांपैकी सुमारे ५२ कोटींमध्ये दुसरा प्रकार आहे. ज्या आजाराविषयी कोणी कोणाशी बोलत नाही, तो इतक्या माणसांच्या अंगी आहे.

विषाणूची अंगात शिरण्याची आणि टिकून राहण्याची रीत नीट समजून घेतली, तर त्याच्याविषयीचे निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात. जननांगांच्या नाजूक त्वचेवर घर्षणाने पडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यातून तो आत जातो, तिथल्या पेशींत वाढतो, आणि त्वचेत संपणाऱ्या मज्जातंतूच्या टोकातून शिरून त्या तंतूच्या आतून उलट दिशेने प्रवास करत कमरेच्या तळाशी, पाठीच्या कण्याच्या शेवटच्या भागाजवळ असलेल्या चेतापेशींच्या गुच्छात जाऊन बसतो. तिथे तो जवळजवळ काहीच करत नाही, आणि काहीच करत नसल्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशींना तो हुडकता येत नाही. या अवस्थेला सुप्तावस्था म्हणतात. ताप, मासिक पाळी, थकवा, मानसिक ताण, घर्षण अशा एखाद्या निमित्ताने, कधी निमित्ताशिवायही, तो त्याच तंतूतून खाली उतरतो आणि जवळपास त्याच ठिकाणी पुन्हा फोड उठवतो. फोड नेमके तिथेच का येतात, औषधाने तो समूळ का जात नाही आणि 'रक्त शुद्ध' करणाऱ्या काढ्यांनी त्याचे काही का बिघडत नाही, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर या एका प्रवासात आहे, कारण विषाणूचा मुक्काम रक्तात नसून मज्जातंतूच्या मुळाशी असतो.

आणखी एक गोष्ट याच प्रवासातून निघते, आणि ती माणसांच्या नात्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. विषाणू खाली उतरला म्हणजे दर वेळी फोड येतातच असे नाही. पुष्कळदा तो गाजावाजा न करता त्वचेवर येतो, काही तास राहतो आणि नाहीसा होतो. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुसऱ्या प्रकाराची लागण असलेल्यांकडून रोज नमुने घेतले, तेव्हा ज्यांना त्रास होत असे त्यांच्या त्वचेवर सुमारे २० टक्के दिवशी, आणि ज्यांना आयुष्यात कधीही फोड आल्याचे आठवत नव्हते त्यांच्याही त्वचेवर सुमारे १० टक्के दिवशी विषाणू सापडला. लागण झालेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना आपल्याला काही झाले आहे हेच ठाऊक नसते, आणि नवी लागण पुष्कळदा अशाच माणसाकडून होते. ज्याने दिले त्याला माहीत नव्हते, हे या आजाराचे अगदी नेहमीचे रूप आहे.

पहिला झटका मात्र गप्प नसतो, निदान काहींच्या बाबतीत. संबंधानंतर साधारण २ ते १२ दिवसांत अंग मोडून येते, ताप भरतो, जांघेत दोन्ही बाजूंना दुखऱ्या गाठी येतात, तांबूस पडलेल्या कातडीवर पाण्यासारख्या द्रवाने भरलेले बारीक फोड पुंजक्याने उठतात, एक-दोन दिवसांत फुटतात आणि त्यांच्या जागी उथळ, लाल, स्पर्श सहन न होणाऱ्या जखमा राहतात. स्त्रियांमध्ये या जखमा योनिमुखाच्या आत-बाहेर आणि मूत्रमार्गाच्या तोंडाशी असल्यामुळे लघवीचा थेंब लागताच जीव कळवळतो. कधी लघवी पूर्ण तुंबते. हे सारे बरे व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. पुढचे झटके सौम्य असतात, आठ-दहा दिवसांत आटोपतात, आणि त्यांच्या आधी काही तास त्या जागी मुंग्या, हुळहुळणे किंवा ढुंगणापासून मांडीत उतरणारी कळ अशी पूर्वसूचना मिळते. दुसऱ्या प्रकारात पहिल्या वर्षी साधारण चार वेळा, पहिल्या प्रकारात वर्षातून एखाद्या वेळी असे घडते आणि वर्षे जातात तसे ते विरळ होत जाते.

ही लक्षणे प्रत्यक्ष जगण्यात, उदाहरणार्थ सोनारीच्या परिसरात, कशी दिसतात, किंवा अधिक नेमके म्हणायचे तर कशी दिसेनाशी होतात, हे पाहण्यासारखे आहे. काळभैरवनाथाचे देवस्थान म्हणून ओळखले जाणारे सोनारी धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यात आहे, अवर्षणप्रवण मराठवाड्याच्या पश्चिम कडेला. बीड, अहिल्यानगर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर जोडपी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, आणि सोनारीच्या शिवारातच साखर कारखाना असल्यामुळे हंगामात इथेही बाहेरची जोडपी येऊन कोपी घालून राहतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. एकाचा दिवस बुडाला तर 'खाडा' पडतो आणि तो उचलीतून वळता होतो. पहाटेच्या अंधारात फडात उतरणाऱ्या या जोडप्यातल्या स्त्रीला आडोसा नसतो, म्हणून ती एरवीही पाणी कमीच पिते. तिला पहिला झटका आला तर लघवीच्या आगीच्या धास्तीने ती पाणी आणखी तोडते, लघवी दाट होते, आग वाढते, आणि शेजारची बाई म्हणते की उन्हाळी लागली आहे, धन्या-जिऱ्याचे पाणी घे. जांघेत गाठ येते, तर पायात काटा मोडला असेल किंवा उसाची खोडकी लागली असेल, त्याचे अवधान आले असे ठरते. ताप उन्हाचा असतो, कंबर मोळ्या वाहून भरून आलेली असते. पहिल्या झटक्यातील जवळजवळ प्रत्येक लक्षणाला मराठी बोलीत एक निरुपद्रवी, घरगुती नाव तयार आहे, आणि ती सगळी नावे आपापल्या जागी चपखल बसली की मूळ आजार बोलण्यातून निसटून जातो. उरतात त्या जखमा, ज्यांच्याविषयी बोलायचेच नसते.

अशा स्त्रीच्या हाताशी लगेच येण्यासारखे उपाय अगदी साधे आहेत. भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ ठेवावी, लघवी करताना जखमांवर कोमट पाण्याची धार सोडावी किंवा टोपात कोमट पाणी घेऊन त्यात बसून लघवी करावी, मिठाच्या कोमट पाण्याने जागा धुऊन टिपून कोरडी करावी आणि सैल सुती कपडा वापरावा, एवढ्याने वेदना बरीच कमी होते. पण ज्या कोपीत पिण्याचे पाणीच हंड्याने मोजून येते तिथे यातले निम्मे उपाय कागदावर राहतात, हेही मान्य केले पाहिजे.

महाराष्ट्रातील या आजाराविषयीचे सर्वांत भक्कम ज्ञान पुण्यातून आले आहे. भोसरी येथे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली आणि तिने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या साथीने १९९३ पासून पुण्यातील लैंगिक आजारांच्या बाह्यरुग्ण विभागांत येणाऱ्यांचा पाठपुरावा केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एचआयव्ही नसलेल्या २,७३२ रुग्णांपैकी ४३ टक्क्यांना दुसऱ्या प्रकारच्या हर्पिसची लागण आधीच झालेली आढळली, आणि ज्यांना ती गेल्या सहा महिन्यांत नव्याने झाली होती त्यांना एचआयव्ही होण्याचा धोका लागण नसलेल्यांच्या तुलनेत जवळजवळ चौपट होता. हे आकडे दवाखान्यात आलेल्या रुग्णांचे आहेत. ते जसेच्या तसे गावाला लावता येत नाहीत. तरी त्यांतून दिसणारा संबंध पक्का आहे. जखमेतून एचआयव्हीला वाट मिळते एवढेच त्याचे कारण नाही. जखम भरल्यानंतरही त्या जागी एचआयव्हीला ज्यांच्यात शिरायला आवडते अशा संरक्षक पेशी महिनोन्‌महिने गर्दी करून राहतात, असे पुढे उघड झाले. म्हणूनच रोज हर्पिसचे औषध देऊन एचआयव्ही रोखता येईल ही आशा फोल ठरली: आफ्रिकेत आणि अमेरिका खंडांत झालेल्या मोठ्या चाचण्यांत २००८ ते २०१० दरम्यान जखमा कमी झाल्या, एचआयव्हीची लागण मात्र कमी झाली नाही.

पुण्याच्याच दवाखान्यांतून १९९७ मध्ये डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी आणखी एक निष्कर्ष मांडला होता, ज्याचे वजन आजही कमी झालेले नाही. तपासलेल्या ९१६ स्त्रियांपैकी ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, त्यांतील बहुतेक विवाहित होत्या व नवऱ्याखेरीज कोणाशी त्यांचा संबंध नव्हता, आणि तरीही त्या ३९१ जणींपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती. तो अभ्यास एचआयव्हीचा होता, परंतु जे संबंधातून पसरते ते सर्व याच वाटेने घरात येते. 'गुप्तरोग वाईट चालीच्या बायकांना होतो' या समजुतीला पुण्याने आकड्यांत उत्तर दिले, आणि ते उत्तर अजून गावोगाव पोचायचे आहे.

औषधाची कथा अधिक आशेची आहे. गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात शोधलेले असायक्लोव्हिर हे औषध विषाणूच्याच एका विकराकडून, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाकडून, जागे केले जाते; ज्या पेशीत विषाणू नाही तिथे ते जवळजवळ निष्क्रिय राहते, आणि म्हणून ते माणसाला फारसे न दुखावता विषाणूची वाढ थांबवते. एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात लैंगिक आजारांवर लक्षणांच्या गटानुसार रंगीत पाकिटांतून औषधे दिली जातात, कारण प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी अहवालाची वाट पाहत रुग्णाला परत पाठवले तर तो पुन्हा येत नाही. स्रावासाठी करडे व हिरवे, हर्पिस नसलेल्या जखमेसाठी पांढरे व निळे, ओटीपोटातील दुखण्यासाठी पिवळे, जांघेतील गाठीसाठी काळे, आणि हर्पिससाठी लाल पाकीट, ज्यात असायक्लोव्हिरच्या ४०० मिलिग्रॅमच्या २१ गोळ्या असतात: दिवसातून तीन, सात दिवस. सरकारी रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक' या नावाने चालणाऱ्या केंद्रांत ही पाकिटे मोफत मिळतात. या पद्धतीवर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते रास्त आहेत, कारण ज्याला लक्षणच नाही तो या चाळणीतून सुटतो. पण सोनारीपासून प्रयोगशाळेपर्यंतचे अंतर आणि बुडणारी रोजी लक्षात घेता, पहिल्याच भेटीत हातात पडणारे लाल पाकीट अचूक पण उशिरा येणाऱ्या अहवालापेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

औषध झटका लहान करते, वारंवार येत असेल तर रोज घेतल्यास झटके फार कमी करते, आणि जोडीदाराला होणारी लागणही घटवते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,४८४ जोडप्यांच्या चाचणीत याच जातीच्या व्हॅलासायक्लोव्हिरची रोजची एक गोळी घेतल्याने लागण सुमारे निम्म्यावर आली. निरोधमुळे, विशेषतः पुरुषाकडून स्त्रीला होणारी लागण पुष्कळ टळते, पण निरोधने न झाकलेल्या त्वचेवरूनही विषाणू जात असल्यामुळे संरक्षण पूर्ण नसते. लस अद्याप नाही.

निदानाच्या बाबतीत खेड्याची अडचण तपासणी न मिळण्याची आहे, तर शहराची नको ती तपासणी मिळण्याची. फोड ताजा असताना त्यातला द्रव पुसून केलेली विषाणूच्या जनुकद्रव्याची तपासणी सर्वांत खात्रीची. फोडाच्या तळाचा खरवडा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी शोधण्याची जुनी, स्वस्त पद्धत वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत अजूनही वापरली जाते. याउलट, गर्भ पडलेल्या किंवा मूल होत नसलेल्या बाईला सर्रास सांगितली जाणारी 'टॉर्च' ही रक्ततपासणी, जिच्या नावातील एक अक्षर हर्पिसचे आहे, मराठी मध्यमवर्गीय घरांत केवढा कलह माजवते याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तिच्यात सापडणारी प्रतिद्रव्ये, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने, बहुधा लहानपणी ओठांवर आलेल्या पहिल्या प्रकाराची असतात. अलीकडची लागण दाखवते म्हणून केली जाणारी 'आयजीएम' चाचणी तर हर्पिससाठी भरवशाचीच नाही. वारंवार गर्भपात होण्याचे कारण म्हणून तिच्यातील 'पॉझिटिव्ह' शब्दाकडे बोट दाखवणे शास्त्राला धरून नाही, आणि त्या एका शब्दावरून सुनेला जाब विचारला जाणे तर निव्वळ अन्याय आहे.

गरोदरपणातील खरा धोका वेगळा आणि नेमका आहे. आईला आयुष्यातील पहिली लागण बाळंतपणाच्या जवळच्या आठवड्यांत झाली तर तिच्या अंगात प्रतिद्रव्ये तयार व्हायला वेळ मिळत नाही आणि जन्मताना बाळाला लागण होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के असते. जुन्या आजाराचा पुन्हा आलेला झटका असेल तर ती एक टक्क्याहून कमी. नवजात बाळाचा हर्पिस विरळा, पण मेंदूपर्यंत पोचणारा आणि जीवघेणा आहे. म्हणून कळा सुरू होताना जखमा दिसत असतील तर शस्त्रक्रियेने प्रसूती करतात, आणि आधीपासून झटके येणाऱ्या बाईला ३६ व्या आठवड्यापासून गोळ्या देतात. यासाठी आधी तिने सांगितलेले असावे लागते, आणि तिला कोणी तरी विचारलेले असावे लागते.

विचारले तर बायका सांगतात का, दाखवतात का, याचे उत्तर धाराशिव जिल्ह्यानेच दिले आहे, आणि त्या उत्तराची वाट हर्पिसवरूनच जाते. १९६० आणि ७० च्या दशकांत गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाला दुसऱ्या प्रकारचा हर्पिस विषाणू कारणीभूत आहे असे अनेक शास्त्रज्ञ मानत होते. जर्मनीतील हाराल्ड झुर हाउझेन यांनी कर्करोगाच्या गाठींत हर्पिसचा अंश शोधला, तो सापडला नाही, आणि त्यांनी आपला मोहरा चामखिळीच्या विषाणुकुळाकडे, म्हणजे एचपीव्हीकडे वळवला. १९८३ मध्ये त्यांना तो गाठींत सापडला आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तो शोध सर्वसामान्य स्त्रियांच्या उपयोगी आणणारा जगातील एक महत्त्वाचा प्रयोग तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून जिल्ह्यातील गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना त्यात सामील केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तुलनेच्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. तुलनेच्या गटातील स्त्रियांची तपासणी न करणे योग्य होते का, यावर पुढे नैतिक वाद झाला आणि तो वाद गंभीरपणे घेण्यासारखाच आहे.

या आढाव्याच्या दृष्टीने त्यातील दुसरा एक आकडा अधिक बोलका आहे. तपासणीसाठी बोलावलेल्या स्त्रियांपैकी दर दहा जणींतील जवळजवळ आठ जणी आल्या. दहा वर्षे आधी डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना जननांगांचा एखादा तरी आजार आढळला होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. ग्रामीण बायका लाजतात, म्हणून त्या तपासायला येत नाहीत, हे म्हणणे या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. जिथे घरी जाऊन समजावून सांगणारी बाई होती, गावाजवळ आडोशाची खोली होती आणि काही निघाले तर पुढच्या उपचाराची सोय होती, तिथे याच जिल्ह्यातल्या बायका हजारोंनी आल्या. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून, आणि तुळजापूर तालुक्यातील अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने 'भारतवैद्य' या ग्रामीण आरोग्यसेविकांच्या साह्याने, हेच निराळ्या प्रकारे दाखवले होते.

उलट बाजूही याच पट्ट्यातली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, खाली आग होणे यांसाठी पाकिटातल्या गोळ्यांनी भागले असते अशा ठिकाणी 'पिशवी काढून टाका' हा सल्ला मिळत गेला. कमरेच्या मज्जातंतूंत बसलेल्या हर्पिसला तर गर्भाशयाशी काहीच देणेघेणे नसते. पिशवी गेली तरी फोड येतच राहतात.

घरातल्या नात्यांवर होणारा परिणाम शरीरावरच्या परिणामापेक्षा जास्त काळ टिकतो. लग्नाला दहा वर्षे झाल्यावर एकाला पहिल्यांदा फोड आले, तर दुसऱ्याच्या मनात येणारा पहिला प्रश्न विश्वासघाताचा असतो. विषाणूचे वर्तन पाहता या शंकेला एवढा पुरावा पुरेसा नाही: लागण लग्नाआधीची असू शकते, ती वर्षानुवर्षे गप्प राहू शकते, ती लक्षणे नसलेल्या जोडीदाराकडून आलेली असू शकते, आणि पहिल्या प्रकाराची असेल तर ओठांवरूनही आलेली असू शकते. कोणत्या दिवशी, कोणाकडून, हे कोणतीही तपासणी सांगत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या १३ व्या कलमात संसर्गजन्य लैंगिक रोग हे १९५५ पासून घटस्फोटाचे एक कारण आहे; त्याच यादीतून कुष्ठरोग २०१९ मध्ये वगळला गेला, लैंगिक रोग मात्र राहिला. एचआयव्हीबाधितांच्या गोपनीयतेला २०१७ च्या कायद्याने जे स्वतंत्र संरक्षण दिले तसे हर्पिसच्या रुग्णाला नाही. ज्या आजाराने आयुष्य कमी होत नाही, मूल होण्यात अडथळा येत नाही आणि जो वयाबरोबर मवाळ होत जातो, त्याची धास्ती माणसे त्याच्या खऱ्या ताकदीच्या कितीतरी पट वाहतात.

म्हणून समुपदेशकाने पहिल्या भेटीत काय सांगावे याला औषधाइतकेच महत्त्व आहे: हा आजार कशाने होतो, तो पुन्हा का येतो, फोड असताना आणि मुंग्या सुरू झाल्यापासून संबंध का टाळावा, एचआयव्ही व उपदंशाची तपासणी का करून घ्यावी, आणि घरी हे कसे सांगावे. सोनारीच्या परिसरातून हंगामावर जाणाऱ्या बाईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पुन्हा येणाऱ्या झटक्यावर गोळ्यांचा खरा उपयोग पहिल्या २४ तासांत सुरू केल्या तरच होतो, आणि त्या २४ तासांत ती कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातल्या कुठल्या तरी फडात असते, जिथून दवाखान्यात जायचे म्हणजे खाडा. गोळ्या तिच्याजवळ आधीच असायला हव्यात, आणि मांडीत कळ उतरू लागताच त्या कोणालाही न विचारता सुरू करायच्या, हे तिला पाठ असायला हवे. त्यासाठी ते लाल पाकीट दसऱ्यानंतर गाडी भरली जाते तेव्हा, पीठ-मिठाच्या आणि पोरांच्या कपड्यांच्या बोचक्यात, घरातूनच बरोबर बांधले गेले पाहिजे.